आरव्ही भाड्याने घेताय? आमचे १,६५० डॉलर कसे गेले ते आधी वाचा

जानेवारी २०२४ मध्ये, आई-बाबांचं तिकीट काढायच्याही आधी, मी हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कमधली कॅम्पसाइट बुक केली. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कचं बुकिंग बरोबर सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता उघडतं आणि उन्हाळ्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या चांगल्या जागा काही मिनिटांत संपतात. १२ जुलैच्या शुक्रवारसाठी मी १२ जानेवारीला पावणेआठपासून लॅपटॉप उघडून बसले होते. चार रात्री मिळाल्या, तेव्हा मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं, इतका आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे आम्हाला फसवणाऱ्या माणसाने आमच्या नेमक्या याच आनंदाचा फायदा घेतला.

आई-बाबा जतचे. दुष्काळी भाग, बाभळी आणि निवडुंग बघत आयुष्य गेलं. त्यांना साडेतीनशे फुटी झाडं दाखवायची हे माझं कित्येक वर्षांचं मनात होतं. पण आईचे दोन्ही गुडघे गेलेले. ती म्हणाली, "मला रात्री दोनदा उठावं लागतं गं, अंधारात जंगलात कुठं चालत जाऊ?" म्हणून तंबूऐवजी आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी मोठी गाडी (मोटरहोम), घ्यायची ठरली. आत संडास, झोपायला नीट पलंग, सकाळी चहा करायला शेगडी. त्या पार्कमध्ये आरव्हीला वीज-पाण्याचं कनेक्शन मिळत नाही, पण गाडीतली टाकी आणि बॅटरी आम्हा पाचजणांना पुरली असती.

आम्ही उशीर केला. मे महिना उजाडला तेव्हा ओळखीच्या भाड्याच्या साइटांवर रात्रीला दोनशे-अडीचशे डॉलर, वर मैलांचे वेगळे, जनरेटरचे वेगळे, सर्व्हिस फी वेगळी. मग एका जुन्या-नव्या वस्तूंच्या साइटवर एक जाहिरात दिसली. पंचवीस फुटी मोटरहोम, पांढरी, बाजूने निळे पट्टे, रात्रीला १३० डॉलर, मैलांचा हिशेब नाही. गाडी व्हॅकाव्हिलला, म्हणजे आमच्या फ्रीमाँटहून तासाभराच्या अंतरावर.

मेसेज केला तर लगेच फोन आला. बोलणं अगदी घरच्यासारखं. निवृत्त झालोय, बायकोच्या आजारपणामुळे गाडी नुसती उभी असते, चांगल्या कुटुंबाला द्यायची आहे म्हणाला. पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा: "कुठल्या पार्कला जाताय? साइट मिळाली का?" मी भरभरून सांगितलं. पार्क, तारखा, आई-बाबा भारतातून आलेत, आईचे गुडघे, सगळं. तो म्हणाला, नशीबवान आहात, जुलैत तिथे जागा मिळत नाही.

आज मला वाटतं, आमचा सौदा त्याच क्षणी त्याच्या हातात गेला. आमची तारीख हलणार नाही हे त्याला कळलं. दोन दिवसांनी त्याचा मेसेज: सॅक्रामेंटोचं एक कुटुंब त्याच आठवड्यासाठी मागे लागलंय, पण तुमच्या आईसाठी मी थांबवून ठेवलंय, आज संध्याकाळपर्यंत सांगा. आईचं नाव काढल्यावर मला त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटली, हे लिहिताना आजही घशाशी येतं.

आम्ही गाडी बघायला येतो म्हटलं. तो म्हणाला, ती स्टोरेज यार्डात आहे, गेटचा कोड फक्त मालकाला देतात, आणि मी सध्या मुलीकडे नेवाडात आहे. त्याऐवजी त्याने वीसेक फोटो, विम्याचं कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो आणि सहा पानांचा करार पाठवला. करारात इंजिन ऑइलपासून कुत्र्याच्या केसांपर्यंत सगळ्याची कलमं होती. खोटा माणूस एवढं कशाला लिहील, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

फोटो मी आईला दाखवले. ती चष्मा लावून बघत बसली आणि म्हणाली, "ह्या काचेतनं मागं केवढा निवडुंग दिसतोय बघ. तू तर उंच झाडांच्या गावाला न्यायची म्हणतीस." मीही पाहिलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेतून दूरवर हात वर केल्यासारखा उंच निवडुंग. कुठल्यातरी सहलीत काढला असेल फोटो, असं म्हणून मी पुढे गेले. तसा निवडुंग ॲरिझोनाकडच्या वाळवंटात असतो. आणि हा माणूस फोनवर सांगत होता की गाडी घेतल्यापासून कधी कॅलिफोर्नियाबाहेर नेलेली नाही. आईला जे दिसलं ते मी तिथेच त्याला विचारायला हवं होतं.

पाच रात्रींचे ६५०, सफाईचे १००, डिपॉझिट ५००. एकूण १,२५० डॉलर झेलने (थेट बँक खात्यातून पैसे पाठवायची सेवा) पाठवा म्हणाला, कार्ड घेतलं तर फी पडते आणि ती तुमच्याच माथी येईल. नवरा थोडा अडखळला, पण पाठवले. जूनच्या शेवटी पुन्हा फोन: तुमचा गाडीचा विमा मोटरहोमला चालत नाही, त्यासाठी ४०० डॉलरची वेगळी हमी भरावी लागते, परत मिळते. आमच्या विमा एजंटनेही आठवड्यापूर्वी हेच सांगितलं होतं, की तुमची पॉलिसी भाड्याच्या मोटरहोमला लागू नाही. खऱ्या अडचणीवर त्याने आपली मागणी बेतली, म्हणून ती खरी वाटली. तेही पाठवले.

११ जुलैला संध्याकाळी नवरा आणि मी व्हॅकाव्हिलला पोचलो. ऊन अंगावर येत होतं. यार्ड होतं, पण ट्रक आणि बोटी ठेवण्याचं. ऑफिसातल्या बाईंनी फोटो पाहिला, मान हलवली आणि म्हणाल्या, या उन्हाळ्यात असा पत्ता घेऊन आलेलं तुम्ही तिसरं कुटुंब. त्याचा फोन लागत होता, पण उचलत नव्हता. थोड्या वेळाने लागेनासाही झाला.

घरी आई-बाबा सामान बांधून बसले होते. शेंगदाण्याची चटणी, भाकरीचं पीठ, आईने सगळं डब्यांत भरून ठेवलेलं. आम्ही सांगितल्यावर बाबा काही बोलले नाहीत. नंतर पाहिलं तर त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब केला होता: सुमारे १ लाख ३८ हजार रुपये.

बँकेत तक्रार केली. उत्तर आलं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कुणी तुमच्या खात्यात शिरून काढलेले नाहीत, त्यामुळे परत मिळणार नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान तो व्यवहार रीतसर आव्हान द्यायचा मार्ग होता. शहराच्या पोलिसांत, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रात आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रारी नोंदवल्या. पैशाचं काही झालेलं नाही, पण नोंद करा, कारण तोच नंबर दुसऱ्याच्या तक्रारीत असेल तर धागा जुळतो.

मग मी रात्र रात्र बसून ते कागद तपासले. करारात गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक होता, १७ अक्षर-आकड्यांचा. त्यात इंग्रजी 'ओ' हे अक्षर होतं. व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. म्हणजे तो आकडा कुठल्याच गाडीचा नव्हता. नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोच्या साइटवर व्हीआयएन फुकट तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. आणि तो फोटो टाकून गूगलवर शोधलं तर तीच गाडी ॲरिझोनातल्या एका जुन्या विक्रीच्या जाहिरातीत निघाली. तिचा खरा मालक कुणी तिसराच, त्याला यातलं काही माहीतही नसेल.

आम्ही पार्कला गेलो, हेही सांगते. कॅम्पसाइट आपलीच होती, ती कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. मैत्रिणीने तंबू आणि घडीचा कमोड दिला, आई मिनीव्हॅनच्या मागच्या सीट काढून गादीवर झोपली. चारऐवजी दोनच रात्री काढल्या. पार्कातल्या फाउंडर्स ग्रोव्हमध्ये १९९१ साली कोसळलेलं डायरव्हिल जायंट नावाचं झाड आडवं पडलेलं आहे, त्याच्या मुळांची भिंत माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर जाते. आई तिथे काठी टेकून उभी राहिली आणि बराच वेळ खोडावर हात ठेवून होती.

घरमालकीण, गाडीमालक, कुणीही असो, आता मी आमचं बुकिंग झालंय की नाही हे भाव ठरेपर्यंत सांगत नाही. गाडी किंवा जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक डॉलर देत नाही. भाड्याच्या साइटवरून ओळख झालेल्या माणसाने साइटबाहेर पैसे मागितले की तिथेच फोन ठेवते, कारण विमा आणि तक्रारीची सोय साइटवर पैसे दिले तरच असते.

मागच्या आठवड्यात तेच फोटो मला पुन्हा दिसले. नाव वेगळं, गाव रेडिंग, भाव आता १२० डॉलर. मी जाहिरातीची तक्रार केली, ती दोन दिवसांनी निघाली आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या नावाने परत आली. पांढरी गाडी आहे, निळे पट्टे, पडदे तपकिरी, मागच्या पलंगावर चौकड्यांची गोधडी. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेतून निवडुंग दिसतो.