सेव्हनमध्ये बसायचं कसं: गादीची सीट, कडक बकेट की अंगाबरहुकूम ओतलेली?

कॅटरहॅम सेव्हन ही सुट्या भागांच्या किटमधून घरीही जोडता येणारी छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. तिचं किट मागवताना इंजिनावर महिनोन्महिने खल होतो आणि सीटचा पर्याय मात्र दोन मिनिटांत निवडून मोकळे होतात. खरं तर सीटवर जास्त वेळ घालवायला हवा. रोजच्या गाडीत सीट पुढेमागे, वरखाली, तिरकी करता येते, स्टिअरिंगही जवळ ओढता येतं. सेव्हनमध्ये ही चैन जवळजवळ नाहीच. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं १९५७ साली लोटस सेव्हन आणली तीच वजन छाटून. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले, पण माणसाला बसायला ठेवलेली जागा चिंचोळीच राहिली. एकदा सीट बोल्टनं आवळली की शरीर त्याच कोनात तासन् तास राहणार.

म्हणून सीट निवडण्याआधी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. तो दोन मापांत येतो. एस३ ही मूळची अरुंद, आणि २००० साली आलेली एसव्ही तिच्यापेक्षा ११० मिलिमीटर रुंद. सहा फुटांच्या पुढचे, रुंद खांद्याचे किंवा मोठ्या मापाचे बूट घालणारे असाल तर एसव्ही घ्या, पुढचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत. एस३ दिसायला जास्त देखणी असते हे मान्य, पण पेडलच्या खोबणीत बूट अडकत असेल तर त्या देखणेपणाचा उपयोग शेजाऱ्यालाच. याउलट आपल्याकडच्या पाच फूट पाच-सहा इंच उंचीच्या माणसाला एस३ छान बसते. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री, गेडनकडे वाहनउद्योगात काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी केवळ ‘मोठी ती आरामाची’ म्हणून एसव्ही घेऊ नये. सैल जागेत वळणावर अंग हेलकावतं आणि ते सावरता सावरता मान धरते. उंच माणसासाठी खोल फ्लोअरचाही पर्याय असतो. त्यानं डोकं खाली जातं, पण जमिनीपासूनची उंची कमी होते, आणि ब्रिटनमधल्या गल्लीबोळांतले गतिरोधक पाहता हा सौदा विचार करूनच करावा.

आता सीट.

गादीची नेहमीची सीट, कापडी किंवा चामडी, रनरवर पुढेमागे सरकते. नवरा-बायको दोघं आलटून पालटून चालवणार असतील, तर मला हाच पर्याय पटतो. तिचा मोठा दोष असा की ती दुकानात फार सुखाची वाटते. पाच मिनिटं बसून उठलं की मन खूश होतं. पण सेव्हनमध्ये पाय जवळजवळ आडवे पसरलेले असतात. अशा बैठकीत मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ते ओटीपोटाचं हाड मागे ओढतात आणि कमरेची नैसर्गिक खोलगट कमान सपाट होते. मऊ गादी या कमानीला काही आधार देत नाही, उलट बूड आणखी खाली रुतू देते. तासाभरानं सगळा भार माकडहाडावर येतो. शिवाय जाड गादीनं माणूस वर उचलला जातो. डोकं रोल बारच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या मागच्या नळीच्या) जवळ जातं आणि खांदे बेल्टच्या मागच्या टेकूंपेक्षा, म्हणजे बेल्ट गाडीला अडकवतात त्या जागांपेक्षा, वर.

ही शेवटची गोष्ट नुसत्या आरामापुरती नाही. चार किंवा सहा टोकांच्या बेल्टचे खांद्यावरचे पट्टे मागे साधारण आडवे, फार तर थोडे उतरते जायला हवेत. ते तीव्र उतारानं खाली गेले, तर धडकेत पाठीचा कणा वरून दाबला जातो. आणि बूड रुतलेलं असलं की कमरेचा पट्टा हाडावरून निसटून पोटावर चढू शकतो. हेल्मेट घालून रोल बारच्या खाली किमान पाच सेंटीमीटर जागा राहते का, हे गाडी पसंत करायच्या आधीच कुणाला तरी मोजायला सांगा.

कडक बकेट सीट, म्हणजे फायबरग्लास किंवा कार्बनची, जिच्यावर फारतर पातळ पॅड असतं. केंट परगण्यातल्या टिलेटच्या सीट सेव्हनवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहेत. बघताना वाटतं की यात दहा मैलही बसवणार नाही. पण आकार तुमच्या अंगाला जुळला, तर लांबच्या प्रवासात ती मऊ सीटपेक्षा सुखाची ठरते, कारण भार एका जागी न साचता मांड्या, कंबर आणि बरगड्यांवर पसरतो. वळणावर गुडघा टनेलला (दोन सीटमधल्या उंचवट्याला) रेटून धरावा लागत नाही. आकार जुळला नाही तर मात्र काही खरं नाही. खुब्याच्या बाजूला कड टोचत असेल तर ती कितीही फिरलात तरी ‘सवयीची’ होणार नाही. पाकीट मागच्या खिशातून काढून, चालवताना घालाल त्याच जाडीचे कपडे घालून बसून बघा. खांद्याच्या पट्ट्यांसाठीची भोकं तुमच्या खांद्याच्या रेषेत येतात का तेही पाहा.

या सीटमध्ये एक छोटी युक्ती फार कामाची आहे: पुढची कड उचलणं. पुढच्या दोन बोल्टखाली दहा-पंधरा मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर (जाडी वाढवणारे तुकडे) घातले की मांड्यांना आधार मिळतो आणि माकडहाडावरचा भार हलका होतो. पाठ त्याबरोबर थोडी मागे कलते, म्हणून स्टिअरिंग पुन्हा तपासावं. पाठ पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकलं पाहिजे, आणि क्लच पार दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. हात पुरत नसेल तर सीट पुढे ढकलू नका. स्टिअरिंगच्या बॉसखाली (चाक दांड्याला जोडणाऱ्या भागाखाली) स्पेसर घालून चाक जवळ आणा, नाहीतर हातांसाठी पायांची जागा जाते. सुटं होणारं स्टिअरिंग असेल तर आत-बाहेर करताना मांडी अडकत नाही, आणि ते चाकही आपसूकच थोडं जवळ येतं.

तिसरा पर्याय ओतलेल्या सीटचा. एकटेच चालवणार असाल तर माझं मत सरळ याच्या बाजूनं आहे. यात दोन प्रकार. पहिल्यात दोन द्रवांचा पॉलियुरेथेन फोम कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत ओततात, पिशवी सीटच्या खोबणीत ठेवतात आणि फोम फुगायच्या आत तुम्ही त्यावर बसता. काही मिनिटांत तो गरम होत फुगतो आणि घट्ट होतो. स्वस्त आणि झटपट. पण फुगणारा फोम तुम्हाला वर ढकलतो. म्हणून सगळा एकदम ओतायचा नाही. आधी थोडा कमरेमागे, तो बसला की बाजूंना, मांडीखाली सगळ्यात शेवटी. त्या वेळी बेल्ट आवळलेला, पाय पेडलवर आणि हात स्टिअरिंगवरच हवेत. ताठ बसून सीट ओतली तर ती ताठ बसणाऱ्यालाच जमते, आणि चालवताना कुणी फोटोला बसल्यासारखं बसत नाही. या द्रवांत आयसोसायनेट असतं, त्यामुळे दार उघडं ठेवून, हातमोजे आणि योग्य फिल्टरचा मास्क घालूनच काम करावं. दमेकऱ्यानं जवळही थांबू नये.

दुसऱ्या प्रकारात पॉलिस्टायरीनचे बारीक मणी आणि एपॉक्सी रेझिन पिशवीत मिसळून पंपानं हवा ओढून घेतात. एकआसनी रेसिंग गाड्यांत ही पद्धत रुळलेली आहे. हे मिश्रण फुगत नाही आणि हळू घट्ट होतं, त्यामुळे सावकाश बसून खांदा इकडे, कंबर तिकडे असं जुळवायला वेळ मिळतो. खर्च आणि खटपट जास्त, पण एस३मध्ये जिथे डोक्यावर बोटभर जागाही मोलाची आहे, तिथे मी हाच प्रकार निवडेन.

निर्णय कोणताही घ्या, तो पक्का करण्याआधी बंद गाडीत पाऊण तास बसा. फोनवर बातम्या ऐका, मधूनमधून क्लच दाबा. एस३मध्ये क्लचशेजारी डावं पाऊल विसावायला नीट जागा नसते, आणि पायाला मुंग्या येतात की नाही ते विसाव्या मिनिटानंतरच कळतं. आधी पातळ तळव्याचे बूट वापरून बघा. कित्येकदा तक्रार सीटची वाटते आणि असते बुटाची.

ब्रिटनमध्ये किट गाडीला रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए, म्हणजे प्रत्येक गाडीची स्वतंत्र मंजुरी तपासणी, पार करावी लागते आणि त्यात सीट व बेल्टचे टेकू पाहिले जातात. तेव्हा फ्लोअरला नवी भोकं मनानं पाडू नका, चासीच्या ठरलेल्या जागाच वापरा. ओतलेली सीट उघडी ठेवू नका. फोम पेट घेतो, म्हणून वर आगरोधक कापडाचं कव्हर शिवून घ्या, आणि शिवण पाठीच्या कण्याखाली येणार नाही अशी घालायला सांगा.