एमएस आणि गालातली कळ: गोळ्या, सुई की गॅमा नाइफ?

दात घासताना किंवा पंख्याचा वारा लागताच गालातून वीज सळसळत जाते, तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. या कळेपायी माझी चांगली दाढ काढली गेली, दुखणं दाढेचं नव्हतंच. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण झिजवणारा आजार. त्यात चेहऱ्याची ही ट्रायजेमिनल नस मेंदूच्या खोडात शिरते तिथलंच तिचं आवरण झिजलेलं असतं. पुढची सगळी निवड यावरच ठरते.

पहिली गोळी बहुधा कार्बामाझेपिन. तिने कळ आवरते, पण गुंगी येते, तोल जातो, एकाचे दोन दिसतात. एमएसची लक्षणंही हीच! डोस वाढल्यावर मी भिंत धरून चालू लागले आणि घरच्यांना वाटलं, नवा रिलॅप्स, म्हणजे एमएसचा नवा झटका आला. डोस बदलल्याची तारीख लिहून ठेवा, न्यूरोलॉजिस्टला ती आधी सांगा. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी दाखवा. ऑक्सकार्बाझेपिन बऱ्याच जणांना सोसते, मात्र रक्तातलं सोडियम जास्त उतरवते. हातपायही ताठरत असतील तर बॅक्लोफेनबद्दल विचारा.

गोळ्यांनी भागेना, किंवा त्यांच्यामुळे चालणंच बिघडलं, तर पुढचा विचार लांबवू नका. कानामागून कवटी उघडून नसेवरची रक्तवाहिनी दूर करण्याचं ऑपरेशन इतरांना उत्तम लागू पडतं. आपलं दुखणं आतल्या आवरणाचं, त्यामुळे तितकी खात्री नाही. एमआरआयमध्ये रक्तवाहिनीचा दाब स्पष्ट दिसत असेल तरच त्याचा विचार करावा, असं माझं मत.

खरी निवड उरते ती सुई आणि गॅमा नाइफ यांत. सुई गालातून आत नेऊन नस तापवतात किंवा बारीक फुग्याने दाबतात. आराम बहुतेकदा लगेच मिळतो. गॅमा नाइफ म्हणजे नसेवर नेमका किरणांचा मारा. त्यात चिरफाड नाही, पण गुण यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. घास गिळवत नसेल, वजन उतरत असेल, तर इतकं थांबणं शक्य नसतं. रक्त पातळ करणारी औषधं बंद करता येत नसतील, तर मात्र गॅमा नाइफचा पर्याय आधी तपासा.

कळ दोन्हींनंतर परतू शकते आणि गाल बधिर होऊ शकतो. डोळ्याचा पृष्ठभाग बधिर झाला तर कचरा गेलेलाही कळत नाही, म्हणून डोळा रोज आरशात बघावा लागतो. फुग्याने चावण्याचं बळ काही काळ कमी होतं. एमएसमध्ये कळ दुसऱ्या बाजूलाही येऊ शकते, तेव्हा जबड्याच्या दोन्ही बाजू दुबळ्या झाल्या तर जेवायचं कसं, हे सर्जनला आधीच विचारा.

मी सुई घेतली. उजवा गाल बधिर आहे, चहा कोमट करून पिते, पण दात रोज घासते.