घडवून घेतलेलं पिरोज्याचं पेंडंट: काही महिने वापरल्यावर, मुख्यतः एका कडीबद्दल

पेंडंट देखणं आहे, घडण उत्तम आहे, खडा जसा हवा होता तसाच मिळाला. तरी हे लिहायला बसले ते एका कडीमुळे. जेमतेम 5 मिलिमीटरची चांदीची कडी, जिच्यावर अख्खं पेंडंट साखळीला लटकतं. तार गोल वाकवून तोंडाला तोंड भिडवलेलं, पण जोड झाळलेलाच नव्हता, म्हणजे सोल्डर वितळवून सांधलेला नव्हता. परवा स्वेटर काढताना ते तोंड लोकरीत अडकलं, फाकलं आणि पेंडंट थेट खाली. पायात पायपुसणं होतं म्हणून निभावलं. पिरोज्याचा कठीणपणा मोहस् मापावर 5 ते 6, म्हणजे काचेच्या आसपास. फरशीवर पडलं असतं तर खड्याचा टवका उडालाच असता, आणि तसाच दुसरा खडा मिळत नाही. काळ्या जाळीची नक्षी प्रत्येक खड्यात वेगळी असते. मी घडवून घ्यायच्या भानगडीत पडले ती या एका खड्यासाठीच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. कोंदण हाताने बसवलंय. खड्याभोवतीची पट्टी 999 चांदीची, बाकी सगळं 925. शुद्ध चांदी मऊ असते, त्यामुळे पट्टी खड्यावर हळूहळू दाबत नेता येते. 925 मध्ये बहुधा तांबं मिसळलेलं असतं, ती तेवढी ऐकत नाही. खड्याची कड कुठे जाड, कुठे पातळ आहे, आणि पट्टी त्या चढउताराबरोबर वरखाली गेली आहे. बोट फिरवलं तर धातू कुठे संपतो आणि दगड कुठे सुरू होतो ते लागत नाही. भिंगातून पाहिलं तेव्हा पट्टीवर हत्याराच्या बारीक खुणा दिसल्या, एका दिशेने, एकसारख्या. साच्यातून काढलेल्या दागिन्यात हे मिळत नाही. या कोंदणासाठी दिलेली मजुरी मला अजूनही जड वाटत नाही.

रोजच्या वापरात चांदी काळवंडली, ती काळवंडणारच. हवेतल्या गंधकाशी तिचं जमतं. कोरड्या पॉलिशच्या कापडाने साफ होते. पिरोजा मात्र सच्छिद्र असतो. अत्तर, तेल, क्रीम पिऊन तो हिरवट होत जातो, म्हणून सगळं लावून झाल्यावर शेवटी पेंडंट घालायचं आणि चांदी धुवायच्या द्रावणात ते कधीही बुडवायचं नाही. हे कारागिरांनी देतानाच नीट समजावलं होतं.

इतकं सांगणाऱ्या माणसाने कडीबद्दल चकार शब्द काढू नये, याचाच मला राग आला. फोन केला तर पहिलं वाक्य, “ताई, ओढ बसली असेल.” ओढ बसणारच ना, गळ्यातली वस्तू आहे! वर दुरुस्तीचे वेगळे पैसे पडतील म्हणाले. तारेचा तो तुकडा तोलला तर वजनकाटा हलायचा नाही. त्याचा जोड करून देण्यासाठी मी पुन्हा पैसे का मोजायचे? घडणावळ घेतली तेव्हा जोड धरूनच घेतली होती, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

इथपर्यंतचं रागात लिहिलं होतं. तसंच ठेवतेय, कारण तक्रार खोटी नाही. पण मधे कारागिरांकडे जाऊन आले आणि काही गोष्टी नव्याने कळल्या.

पेंडंट तयार झालं तेव्हा ते गळ्यात आडवं फिरत होतं, खड्याचा चेहरा समोर येत नव्हता. साखळी आणि पेंडंट यांच्यामध्ये कड्या किती, यावर ते ठरतं. एक कडी वाढवली की पेंडंट पाव फेरा वळतं. म्हणून त्यांनी शेवटी ही कडी घातली. तोवर खडा बसवून झाला होता. चांदीचं सोल्डर वितळायला साधारण 700 अंश सेल्सिअस लागतात आणि सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत भरभर वाहून नेणारी चांदीच. ज्योत कडीवर धरली की आच खड्याजवळ पोचायला वेळ लागत नाही, आणि पिरोज्यात मुळातच पाणी असतं. तापला की रंग जातो, तडाही जातो. म्हणून त्यांनी कडी पकडीने घट्ट मिटवली आणि दिली. खडा वाचवला, हे मला पटलं. पण “हा जोड उघडा आहे, जपा” एवढं सांगायला काय हरकत होती? आणि पेंडंट कसं लटकणार ते खडा बसवायच्या आधी मेणाने तात्पुरता चिकटवून पाहता आलं असतं. हे त्यांनी मान्य केलं.

उपाय दोन होते. एक, किल्ल्यांच्या रिंगसारखी दुपदरी कडी. आच लागत नाही, पटकन होतं. मी नको म्हटलं, एवढ्या नाजूक कामावर ती बोजड दिसली असती. दुसरा लेसरचा. त्यात जेमतेम टिंबाएवढी जागा तापते, म्हणून खड्याशेजारीही काम करता येतं. चांदी लेसरचा उजेड परतवते, त्यामुळे ती सोन्यापेक्षा अवघड जाते, पण जमते. कडीही बदलायला लावली: आधीची तार 0.8 मिलिमीटरची होती, आता 1 मिलिमीटरची आहे. काम बाहेरून करून आणावं लागलं, तरी पैसे घेतले नाहीत. मी मागेच लागले होते, पण शेवटी ते आपणहून नको म्हणाले.

जोड आता नखाला लागत नाही. कोणी काहीही घडवून घेणार असेल तर ताब्यात घेताना प्रत्येक कडीवरून नख फिरवा; तोंड लागलं तर तिथल्या तिथे विचारा.

कानातल्यांचं काम मी त्यांच्याकडेच दिलंय. तसं कोंदण दुसरीकडे पाहिलेलं नाही. या वेळी चित्रावर कोणते जोड झाळायचे त्याच्या खुणा त्यांनी स्वतः केल्या आहेत, आणि खडे सगळ्यात शेवटी बसणार आहेत.