कार्ड आणि ॲपचं कर्ज फेडायला काय बरं: सोनेतारण, सोसायटी, पर्सनल लोन की सेटलमेंट?

एक कर्ज फेडायला दुसरं काढावं का, असं कुणाला विचारलं की समोरचा लगेच व्याजदर सांगायला लागतो, इथे दहा टक्के, तिथे सोळा टक्के. पण ज्या घरात महिनाअखेर ओढाताण असते तिथे माझ्या मते व्याज तिसऱ्या नंबरला येतं. आधी बघायचं की महिन्याला हप्ता खरंच किती झेपतो, आणि मग बघायचं की एखाद्या महिन्यात तो चुकलाच तर आपल्या हातून काय जाईल.

आकडे घेऊनच बोलू. समजा नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी, हातात पगार ३४,०००, नवरा बायको आणि दोन मुलं. भाडं ८,०००, किराणा ७,५००, शाळा आणि क्लास ५,०००, दूध भाजी गॅस लाईटबिल मिळून ६,०००, पेट्रोल आणि औषधं २,०००. उरले ५,५००. आणि डोक्यावर क्रेडिट कार्डाचे ८०,००० आणि एका लोन ॲपचे १५,०००, ज्याचे अजून पाचेक हप्ते आहेत, साधारण ३,००० चा एक.

आता कार्डाचं बघा. ३.५ टक्के महिना हा दर अगदी नेहमीचा आहे, म्हणजे ८०,००० वर महिन्याला २,८०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, झाले ३,३०४. मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरावीच लागते ती रक्कम, पाच टक्क्यांच्या हिशोबाने ४,००० भरले तर मुद्दल कमी झालं जेमतेम सातशे रुपये! कार्ड एकदाही न घासता दर महिन्याला नेमाने ४,००० भरत राहिलं तरी फिटायला साडेतीन वर्षांच्या वर लागतात आणि एकूण जातात जवळजवळ १ लाख ७३ हजार. शिवाय या घराला ४,००० अधिक ३,००० असे ७,००० लागतात आणि उरतात ५,५००, म्हणजे दर महिन्याचे कमी पडणारे दीड हजार परत कार्डावरच चढतात. हे घर उधळं नाहीये हो, गणितच असं बसलंय की बाहेर पडताच येत नाही. म्हणून इथे कर्ज बदलून घेणं बरोबर आहे असं मी ठामपणे म्हणेन, प्रश्न एवढाच की कुठलं.

सोनेतारण. ९५,००० चं सोनेतारण १० टक्क्यांनी दोन वर्षांच्या मासिक हप्त्यावर घेतलं तर हप्ता ४,३८४ च्या आसपास आणि दोन वर्षांचं व्याज साधारण १०,२००. कार्ड आणि ॲप दोन्ही एकदम बंद, आणि ५,५०० मध्ये बसूनही हजारभर हातात राहतात. क्रेडिट स्कोअर, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्यावरून मिळणारे गुण, पडलेला असला तरी हे कर्ज मिळायला फारशी अडचण येत नाही, कारण तारण समोर असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नव्या नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२६ पासून सगळ्यांना पाळायचे आहेत, अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, आधी ही मर्यादा ७५ होती. म्हणजे ९५,००० साठी साधारण १ लाख १२ हजारांचं सोनं ठेवावं लागेल, आणि किंमत फक्त सोन्याची धरतात, खडे आणि दागिन्यात भरलेली लाख वजा.

पण सोनेतारणात लोक अडकतात ते एका ठरलेल्या जागी. बऱ्याच ठिकाणी मासिक हप्ता न लावता वर्षाने एकरकमी भरा असं कर्ज देतात, ऐकायला सोपं वाटतं, दर महिन्याचा ताण नाही. वर्ष संपतं तेव्हा हातात पैसे नसतात, मग फक्त व्याज भरून रिन्यू, परत वर्षाने रिन्यू, आणि दागिने चार चार वर्षं तिजोरीतच. मधे व्याज थकलं की लिलावाची नोटीस येते. त्यामुळे घेणार असाल तर मासिक हप्त्याचंच घ्या आणि ते काउंटरवर स्पष्ट बोला. दुसरं म्हणजे बँक आणि गल्लीतली पेढी यांच्या दरात खूप फरक असतो, दोनतीन ठिकाणी विचारल्याशिवाय दागिने काढून देऊ नका. पूर्ण फेडल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिने परत मिळाले पाहिजेत, उशीर देणाऱ्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हेही त्याच नियमांत आहे.

आणि एक मनापासून सांगायचंय, हे सोनं बहुतेक वेळा घरातल्या बाईचं असतं, माहेरून आलेलं, तिच्या नावाची तीच एक शिल्लक. ते ठेवायचं की नाही हे तिनेच ठरवायचं. तिला कर्जाचा पूर्ण आकडा न सांगता, आहे थोडं असं म्हणून दागिने नेणं मला अजिबात पटत नाही, कारण हप्ता चुकला तर जाणार आहे ते तिचं.

पगारदार सोसायटी. तुमच्या कंपनीत किंवा खात्यात पगारदारांची पतसंस्था असेल आणि तुम्ही सभासद असाल तर माझ्या मते आधी तिथे जा, सोन्याच्याही आधी. दर संस्थेप्रमाणे बदलतो, पण ११ टक्के आणि तीन वर्षं धरली तर ९५,००० चा हप्ता ३,११० आणि एकूण व्याज १७,००० च्या जवळ. सोन्यापेक्षा व्याज जास्त दिसतंय ते मुदत लांबल्यामुळे, तीन वर्षांचं सोनेतारण केलं तर तेही १५,००० च्या वर जातं. हप्ता पगारातूनच कापला जातो, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्येच तशी सोय आहे, त्यामुळे तो विसरायचा किंवा पुढे ढकलायचा प्रश्नच नाही, आणि महिन्याला साडेपाच हजार उरणाऱ्या घरात तीन हजारांचा हप्ता म्हणजे दवाखान्याचा एखादा खर्च आला तरी परत कार्डाकडे धाव घ्यावी लागत नाही. काही संस्था कर्ज देताना थोडी रक्कम शेअर्सकडे वळवतात, म्हणजे हातात पूर्ण ९५ येतीलच असं नाही, आधी विचारून घ्या.

यातली जोखीम जामीनदारांची. साधारण दोन सहकारी सही करतात आणि तुमची नोकरी सुटली तर कपात त्यांच्या पगारातून सुरू होते. कंत्राटी कामगार असाल, पुढच्या वर्षी कंत्राट राहील का याची खात्री नसेल, तर मित्राला यात ओढण्यापेक्षा सोनं परवडलं.

पर्सनल लोन. बँकेचं १६ टक्क्यांनी तीन वर्षांचं मिळालं तर हप्ता ३,३४० आणि व्याज २५,००० च्या वर, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी. कार्डापेक्षा कितीतरी बरं, तारण नाही, जामीन नाही, चुकलं तर जातो तो स्कोअर आणि मागे लागते ती वसुली. पण सोळा टक्के मिळतं कुणाला, ज्याचे हप्ते वेळेवर गेलेत त्याला. ज्याचं कार्ड आणि ॲप दोन्ही थकलंय त्याला फायनान्स कंपनी २४ किंवा ३० टक्के सांगते, आणि तिथे हा पर्याय माझ्या लेखी संपला. दरासाठी पान उलटून केएफएस म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट वाचा, त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक दर लिहिलेला असतो, मुदतीआधी फेडायचा चार्जही तिथेच सापडतो.

कार्ड कंपनी स्वतःच थकबाकीचा ईएमआय करून देते, त्याचं थोडक्यात. १८ टक्क्यांनी तीन वर्षं धरली तर हप्ता २,९०० च्या आसपास, व्याजावर जीएसटी धरून सुरुवातीला ३,१००. ॲपचे ३,००० वेगळे चालूच, म्हणजे ६,१००, आपल्या घराला सहाशे कमी. ॲप संपेपर्यंत पाचेक महिने कुठून तरी सहाशे काढता आले तर चालेल असा पर्याय आहे, एका फोनवर होतो, सोनंही जात नाही आणि जामीनही लागत नाही. ज्यांच्याकडे सोनंही नाही आणि सोसायटीही नाही त्यांनी आधी हाच फोन करावा.

इथे एक मुद्दा येतो की सगळं बदलता आलं नाही तर आधी काय फेडायचं. पुस्तकी उत्तर असं की ज्याचं व्याज जास्त ते आधी. तंग बजेटमध्ये मी म्हणेन की जे लवकर संपून मोठा हप्ता मोकळा करेल ते आधी, इथे ॲप. पाच महिन्यांनी ३,००० मोकळे झाले की घराला श्वास मिळतो. आणि हातउसने दिलेल्या नातेवाईकाला तारीख सांगा, पाचशे का होईना द्या, त्यांना व्याज नको असतं पण टाळाटाळ लागते मनाला.

सेटलमेंट, म्हणजे बँकेशी ठरवून कमी रकमेत कर्ज मिटवणं, हा शेवटचा पर्याय, आणि तो त्यांच्यासाठी ज्यांचा पगारच बंद पडलाय किंवा घरात मोठं आजारपण आलंय. बँक थोडं सोडून देते खरं, पण तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये क्लोज्ड ऐवजी सेटल्ड असं येतं आणि पुढची कित्येक वर्षं गृहकर्ज मागायला गेलात की तेच समोर ठेवतात. आमच्या उदाहरणातल्या घराला ५,५०० झेपतात, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. हप्ते थांबवा, आम्ही फी घेऊन सेटल करून देतो असं सांगणाऱ्यांपासून तर लांबच राहा, तुम्ही थांबवता तेव्हा व्याज थांबत नाही. करावंच लागलं तर आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख लिहून घ्या, पैसे कर्ज खात्यातच भरा, वसुलीवाल्याच्या यूपीआयवर कधीच नाही, आणि नंतर एनओसी, म्हणजे आता काही बाकी नाही असं पत्र, घ्या. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे, नातेवाईकांना फोन करून बदनामी करणं तर चालतच नाही. तारखा लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ वर माहिती मिळते.

गल्लीतला बिगरपरवाना सावकार या तुलनेत मी धरलेलाच नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे, कुणी अडकलं असेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची.

वरचा कुठलाही रस्ता धरा, कार्डाचे ८०,००० भरले त्याच आठवड्यात ते बंद करायचा लेखी अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करणं त्यांना बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ते तुम्हाला देणं लागतात. लिमिट वाढवून देतो, वार्षिक फी माफ करतो असे फोन येतील, नाही म्हणा आणि बंद झाल्याचा मेल सांभाळून ठेवा.