डिस्कवर जाणारं पेज : थांबवायचं, कॉपी करायचं की मोकळं सोडायचं?

लिनक्स सर्व्हरसाठी कोणती फाइल सिस्टम (डिस्कवर फाइल कशा ठेवायच्या ते ठरवणारी व्यवस्था) घ्यायची, ईएक्सटी4, एक्सएफएस, बीटीआरएफएस की झेडएफएस, असं विचारलं की सगळे स्पीड आणि स्नॅपशॉटवर (एका क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) बोलतात, पण 4 केबीचं पेज, म्हणजे रॅममधला फाइलचा तुकडा, डिस्कवर जात असताना प्रोग्रामला त्यात लिहू द्यायचं का, हे फार कमी लोक बघतात. बघायलाच पाहिजे.

कारण चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा) आधी काढतात आणि डेटा नंतर जातो, मधल्या वेळात एक बाइट जरी बदलला तरी डिस्कवर नवा डेटा आणि जुना चेकसम. डिस्क ठणठणीत, रॅम ठणठणीत, तरी वाचताना एरर! म्हणून 2011 मधे लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल 3.0 मधे स्टेबल पेज आलं, म्हणजे राइट संपेपर्यंत लिहिणारा थांबणार, वाचणारा नाही. पण तेव्हा गरज नसलेल्यांनाही थांबवलं आणि एकाच पेजवर सतत लिहिणारे प्रोग्राम, एमएमॅप केलेल्या (प्रोग्रामच्या मेमरीत थेट जोडलेल्या) फाइल, लॉग, सगळे अडखळायला लागले. 2013 च्या 3.9 पासून गरज असेल तिथेच थांबवतात.

साध्या डिस्कवर ईएक्सटी4 किंवा एक्सएफएस असेल तर थांबायचं कामच नाही, त्यांचे चेकसम मेटाडेटापुरते (फाइलची नावं, जागा अशा नोंदींपुरते) असतात आणि मधेच बदललेलं पेज पुन्हा डर्टी (अजून डिस्कवर न गेलेलं) होऊन पुढच्या फेरीत लिहिलं जातं. सतत लिहिणारा डेटाबेस असेल तर मी हेच घेईन.

बीटीआरएफएस डेटाचाही चेकसम ठेवतं, तिथे थांबणं आलंच. फोटो, बॅकअप, कागदपत्रं यांना हा उशीर जाणवतही नाही, बिनधास्त घ्या. फक्त व्हर्च्युअल मशीनच्या इमेज डायरेक्ट आयओने (कर्नलच्या रॅममधल्या साठ्याला वळसा घालून थेट डिस्कवर) चालवत असाल तर जपून, कारण तिथला बफर प्रोग्रामचा स्वतःचा असतो, कर्नल त्याला थांबवू शकत नाही, आणि जुन्या कर्नलवर यातूनच चेकसमचे एरर येतात.

झेडएफएस आधी स्वतःकडे कॉपी करून घेतं, त्यामुळे चेकसमही मिळतो आणि थांबावंही लागत नाही, पण एमएमॅप केलेल्या फाइलचा डेटा रॅममधे दोनदा राहू शकतो. रॅम भरपूर असेल तरच.

सॉफ्टवेअर रेड5 (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) पण पॅरिटीसाठी, म्हणजे एक डिस्क गेली तर डेटा परत मिळवायच्या जादा माहितीसाठी, कॉपीच करतं. त्यात स्किप-कॉपी हे सेटिंग चालू केलं की कॉपी करावी लागत नाही आणि त्याबदल्यात थांबणं येतं, म्हणून ईएक्सटी4 किंवा एक्सएफएस रेडवर टाकणार असाल तर त्या डिव्हाइसच्या (/sys/block खालच्या) क्यू फोल्डरमधली स्टेबल-राइट्स फाइल आधी वाचा, 1 असेल तर तिथेही लिहिणारा थांबणार.