डिझेल गाडीचा पिकअप गेला आणि टर्बोच्या नावाखाली ३८,५०० रुपये उकळले, सावध रहा

ज्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी हे पूर्ण वाचा, त्यातही १.३ लिटर मल्टीजेट इंजिनवाल्यांनी तर नक्कीच. हे इंजिन आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आलं आणि एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स हा प्रदूषणाचा नियम लागू झाला तसं ते बंद झालं, म्हणजे आज रस्त्यावर आहेत त्या सगळ्या गाड्या टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, हवा नेणारे रबरी पाइप कडक होऊन तडकायच्या वयात आल्यात. गॅरेजवाल्यांना हे बरोबर माहितीय.

माझ्या गाडीचा पिकअप एकदम गेला. दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बो लागला की गाडी जी पुढे खेचते ना, ते खेचणंच बंद झालं, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी ढिम्म, मागून काळा धूर आणि बॉनेटखालून हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज. कात्रजच्या जुन्या घाटात सेकंड गिअर सोडता येईना. चेक इंजिनचा दिवा पण लागला.

पुण्यातल्या एका गॅरेजला दाखवली, नाव इथे देत नाही कारण तक्रार चालू आहे. तिथल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी०२९९ कोड आला, "बघा सर, टर्बो अंडरबूस्ट, मशीनच सांगतंय". मग इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, वरचा पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि काळं तेल लागलेलं बोट माझ्यासमोर धरलं. "सील गेलंय, टर्बो तेल टाकतोय. असंच चालवलंत तर इंजिन स्वतःचंच तेल ओढून पळत सुटेल, चावी काढली तरी बंद होणार नाही." घरची माणसं घेऊन जाणारा माणूस हे ऐकल्यावर काय करणार. नवीन टर्बोचे ४२ हजार सांगितले, घासाघीस करून मजुरीसकट ३८,५०० ठरले. जुना टर्बो मागितला तर म्हणे तो एक्स्चेंजमध्ये गेला, म्हणून तर रेट कमी लावला. पक्क्या बिलाला टाळाटाळ केली, पण शिक्का मारलेल्या कागदावर "टर्बो असेंब्ली नवीन" असं लिहून घेतलं आणि पैसे यूपीआयने दिले, ते आता कामाला येतंय.

यात मला सगळ्यात जास्त चीड याची येते की त्याने दाखवलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कोड खरा होता, पण पी०२९९ चा अर्थ एवढाच की इंजिनला पाहिजे तेवढा हवेचा दाब मिळत नाही, टर्बो मेला तरी तो येतो आणि टर्बो ठणठणीत असून पुढचा पाइप फाटला तरी तोच येतो. तेल पण खरं होतं, पण इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेलाची वाफ हवेच्या रस्त्यात जातेच, त्यामुळे इतकी वर्षं चाललेल्या डिझेल गाडीचा हा पाइप उघडला की आत तेलाचा पातळ हात असतोच. पाइपात तेल साचलेलं असेल, एक्झॉस्टमधून निळा धूर येत असेल, डिपस्टिकवर ऑइल कमी होत असेल, सायरनसारखा आवाज येत असेल तर टर्बोवर संशय घ्या. नुसत्या बोटावरच्या तेलावर नाही.

गाडी मिळाली तेव्हा पिकअप एकदम मस्त होता. मग साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाटाच्या चढाला भर ट्रकच्या गर्दीत परत तोच फुस्स आवाज आणि गाडीने मान टाकली. कसाबसा घाट उतरून सुरूर फाट्याजवळ एका छोट्या गॅरेजला लावली. तिथले काका वयस्कर, त्यांनी आधी काहीच उघडलं नाही, मला गाडी चालू करून रेस द्यायला सांगितली आणि स्वतः खाली वाकून पाइपांवरून हात फिरवत गेले. इंटरकूलरच्या खालच्या टोकाला, क्लिपच्या मागे हात थांबला. "हितं बगा."

पाइप खालच्या अंगाने बोटभर फाटलेला होता आणि त्या फटीवर काळी टेप गुंडाळलेली, वर क्लिप आवळलेली. गरमीने टेपचा गोंद वितळून ती एका बाजूने सुटली होती. म्हणजे पुण्यातल्या माणसाला खरा फॉल्ट पहिल्यापासून माहिती होता! त्याने तिथे टेप लावली, गाडी पळाली आणि पैसे टर्बोचे घेतले.

मी म्हटलं काका, टर्बो तर नवीन बसवलाय. त्यांनी टॉर्च मारली. टर्बोचं बाहेरचं अंग पुसून चकचकीत केलेलं, पण एक्झॉस्टच्या बाजूचे नट गंजून जागच्या जागी धरलेले, त्यावर पान्याची एकही ताजी खूण नाही. ऑइलच्या पाइपच्या बोल्टखाली नवीन टर्बो बसवताना तांब्याचे वॉशर बदलावेच लागतात, तिथले वॉशर काळे पडलेले जुनेच. "ह्याला कुनी हातच लावला न्हाई सायेब." मी सगळ्याचे जवळून फोटो आणि व्हिडिओ काढले, टेपचा तुकडा पण पिशवीत घालून ठेवला. त्यांचा मुलगा बाइकवरून वाईला जाऊन पाइप घेऊन आला, पाइप, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. गाडी तेव्हापासून व्यवस्थित आहे, टर्बो तोच जुना.

आता तुमच्या गाडीचा पिकअप गेला तर आधी स्वस्तातलं बघायला लावा. एअर फिल्टर चोक झालाय का, डिझेल फिल्टर कधी बदललाय, गाडी चालवून आल्यावर एखादं चाक जास्त गरम लागतंय का म्हणजे ब्रेक धरून राहिलाय का. चौथ्या गिअरला जोर दिला की आरपीएम चढतो पण स्पीड वाढत नाही, तर ते क्लचचं काम आहे, इंजिनचं नाही. काळा धूर आणि फुस्स आवाज एकत्र असतील तर आधी पाइप, सगळे, खालून सुद्धा. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, त्यातला कार्बन त्यानंतर.

आणि कोड दाखवला तर लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर चालू गाडीचे आकडे, पण दाखवा म्हणा. इंजिन बंद ठेवून नुसता स्विच ऑन केला की इनटेकचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा, दाब पुण्यात ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसतो कारण ती बाहेरची हवा आहे, आणि तिसऱ्या गिअरला पूर्ण जोर दिल्यावर तो दुपटीकडे जायला हवा. नाही गेला तर दाब कुठेतरी सुटतोय किंवा तयारच होत नाहीये. यातलं काय हे पाइप तपासून, टर्बोचा पंखा हाताने फिरवून, दांडा आत-बाहेर हलतो का बघूनच ठरतं. तो पंखा तुमच्यासमोर फिरवून दाखवा म्हणा, नाही म्हणाला तर गाडी उचला. बदललेला पार्ट हातात मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, एक्स्चेंजमध्ये जाणार असेल तरी त्या पार्टवरच्या नंबरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, जुन्याचा आणि नव्याचा दोन्ही.

मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार टाकलीय. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, त्यामुळे जुन्या प्रकरणात पण कागद शोधा. गॅरेजवाल्याचा मध्ये फोन आला होता, अर्धे पैसे देतो, तक्रार मागे घ्या म्हणाला. मी सांगितलं पूर्ण रक्कम आणि टर्बो बदलला नव्हता हे लेखी. अजून काही आलेलं नाही, तारीख लागली की पुढचं लिहितो.