मऊ मुठीच्या सुया, मार्कर आणि लोकरीचं वाडगं: आठ महिने वापरल्यावर

क्रोशाच्या सुयांचा नऊ नगांचा संच घेऊन आता आठ महिने होतील. २ मिमीपासून ६ मिमीपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या टप्प्याने, आणि प्रत्येक सुईला रबरी मूठ. त्याच खेपेला मार्करची (टाक्यात अडकवायच्या खुणेच्या छोट्या कड्यांची) डबी, ओळी मोजायचा काउंटर आणि लोकरीचा गुंडा ठेवायचं चिनी मातीचं वाडगंही घेतलं. तेव्हापासून एक मोठं ब्लँकेट, चार अमिगुरुमी (जपानी पद्धतीची, कापूस भरलेली विणलेली) खेळणी, एक सुती पिशवी आणि अर्धी शाल एवढं विणून झालं आहे. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर सगळ्याच वस्तूंचं सारखं कौतुक केलं असतं. आता यातलं रोज हातात काय येतं आणि कपाटात काय पडून आहे, ते नेमकं सांगता येतं.

आधी सुयांबद्दल. याआधी मी साध्या, बारीक ॲल्युमिनियमच्या सुईने विणायचे. अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी ठसठस सुरू व्हायची आणि मन असूनही काम खाली ठेवावं लागायचं. बारीक दांडी धरायला बोटं जास्त मिटावी लागतात, तो ताण अंगठ्यावर येतो. जाड मऊ मुठीने हा त्रास पहिल्या आठवड्यातच निम्म्यावर आला. उरलेला मात्र सुईने गेला नाही. माझं विणणं बघून धाकटी बहीण म्हणाली, "ताई, सुई चांगलीच आहे, पण तू लोकर बोटावर किती आवळतेस ते बघ जरा." तिचं खरं होतं. तर्जनीवर लोकरीचे दोन वेढे घेऊन मी ती घट्ट धरून ठेवत होते. आता करंगळीला एक वेढा, मधल्या दोन बोटांखालून लोकर नेऊन तर्जनीवरून नुसती सोडते. सुरुवातीचे चार दिवस टाके वेडेवाकडे आले, पण मग हात सैल झाला तो झालाच. शिवाय कोपराखाली उशी घेते आणि पंचवीस मिनिटांचा गजर लावते. गजर झाला की ओळ अर्धी असली तरी बोटं मोकळी करायची.

संच घेताना मूठ सगळे बघतात, सुईचं तोंड फार कमी जण. खरा फरक तिथे आहे. काही सुयांचं तोंड दांडीच्या सरळ रेषेत कापलेलं असतं आणि खाच खोल असते, सुझन बेट्स या कंपनीच्या सुया तशा. काहींचं तोंड दांडीपेक्षा थोडं पुढे आलेलं, गोलसर असतं आणि त्याखालचा गळा निमुळता होत गेलेला असतो, बोये या कंपनीच्या सुया तशा. खोल खाचेत लोकर पक्की बसते, निसटत नाही. गोलसर तोंड घट्ट टाक्यातून सहज बाहेर येतं. माझा हात मुळात आवळ, म्हणून मला निमुळती सुई मानवते. तिची एक खबरदारी आहे: फास गळ्यावरच ठेवून टाका पुरा केला तर तो लहान येतो, कारण टाक्याचं माप दांडीच्या पूर्ण जाडीवर ठरतं. फास खाली दांडीवर सरकवून मगच लोकर ओढायची, ही एक सवय लागली आणि माझे टाके एकसारखे दिसायला लागले.

संचातल्या तक्रारीही आहेत. ४ मिमीची सुई सगळ्यात जास्त वापरली गेली, तिची रबरी मूठ सहाव्या महिन्यात सैल झाली आणि आता दांडीभोवती फिरते. मापांचे आकडे तर दोन महिन्यांतच पुसट व्हायला लागले. उरलेल्या आकड्यांवर मी रंगहीन नेलपॉलिशचा हात दिला, ते अजून टिकून आहेत. नवा संच घेतला की हे पहिल्याच दिवशी करा. २ आणि २.५ मिमीच्या सुयांना एवढी जाड मूठ बोजड वाटते. बारीक दोऱ्याच्या कामाला मला जुनी स्टीलची सुईच बरी वाटते.

मार्कर ही या खरेदीतली सगळ्यात लहान वस्तू, पण तिच्यावर मी सगळ्यात खूश आहे. ब्लँकेटच्या पहिल्या प्रयत्नात १६० टाक्यांनी सुरुवात केली आणि चोवीस ओळींनंतर कापड एका बाजूने तिरकं जातंय हे लक्षात आलं. मोजले तर १४८ टाके. दर दुसऱ्या ओळीत शेवटचा टाका सुटत होता. खांबाच्या (उंच टाक्याच्या) विणीत ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजेच पहिला खांब, आणि परत येताना शेवटचा खांब त्या साखळीच्या माथ्यावर घालावा लागतो. तो माथा लपतो, दिसत नाही. चोवीस ओळी उसवताना मला फार वाईट वाटलं, कारण तीन आठवड्यांचं काम होतं. दुसऱ्या वेळी वळताना तिसरी साखळी घातली की लगेच तिच्यात मार्कर अडकवायला लागले. परत येताना मार्कर दिसला की तिथे टाका. पुढच्या एकशेदहा ओळींत एकदाही टाके कमी झाले नाहीत.

पायाची साखळी (जिच्यावर पहिली ओळ विणतात ती) मोजतानाही दर वीस साखळ्यांना एक मार्कर. मध्येच कोणी हाक मारली तरी पुन्हा एकपासून मोजावं लागत नाही. चार-पाच साखळ्या जास्तच घालून ठेवते. पहिली ओळ झाल्यावर उरलेल्या साखळ्या सुरुवातीच्या गाठीच्या टोकाकडून सोडवता येतात, थोडी चिकाटी लागते इतकंच. कमी पडल्या तर मात्र मला सगळं उसवावं लागतं. ही साखळी मी एक माप मोठ्या सुईने घालते, म्हणजे मुख्य विणीसाठी ५ मिमी असेल तर पायासाठी ५.५. पाया आवळ झाला की ब्लँकेटची खालची कड आत ओढली जाते आणि धुऊनही सरळ होत नाही.

काम बाजूला ठेवताना उघड्या फासात मार्कर अडकवायचा, हेही आता अंगवळणी पडलं आहे. पिशवीतून काढताना दहा टाके उसवलेले सापडणं बंद झालं. मार्कर नसतील तर वेगळ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा किंवा सेफ्टी पिनही चालते. मात्र पिनेच्या गुंडाळीत लोकर अडकते, म्हणून माझी पसंती तुकड्याला.

काउंटर माझ्या उपयोगी पडला नाही. बटण दाबायचं विसरलं की आकडा चुकतो आणि त्या चुकीच्या आकड्यावर आपण विश्वास ठेवतो, म्हणजे नसलेलाच बरा. आता दर दहाव्या ओळीत कडेला एक मार्कर टाकते आणि वरच्या ओळी मोजते. ज्यांना नक्षी दर ओळीला बदलायची असते त्यांना काउंटर कामाला येत असेल, पण मी कागदावर रेघ मारणंच पसंत करते.

वाडगं दिसायला सुरेख आहे. गुंडा त्यात घरंगळत नाही हे खरं, पण ते जड आहे आणि मी एका जागी बसून विणत नाही. खिडकीपाशी, पलंगावर, कोणाची वाट बघताना, जिथे वेळ मिळेल तिथे विणते. खोल कापडी पिशवी तेच काम करते आणि बरोबर येते. गुंड्याच्या आतून टोक काढून विणायचं असेल तर पिशवीतही गुंडा फिरत नाही. फक्त शेवटी शेवटी पोकळ गुंडा कोसळून गुंता होतो, तेव्हा उरलेली लोकर हाताने नव्याने गुंडाळून घेणं सोपं.

खेळण्यांनी मला मोजणं शिकवलं. मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद करता येणाऱ्या सुरुवातीच्या फासात) सहा मुके खांब (बुटके, साधे टाके), पुढच्या फेऱ्यात बारा, मग अठरा, मग चोवीस, असे दर फेऱ्याला सहा वाढत जातात. फेरे गोल गोल चढत राहतात, जोड नसतो, म्हणून फेऱ्याच्या पहिल्या टाक्यात मार्कर हवाच. पहिल्या सशाचं डोकं मला षटकोनी दिसत होतं. वाढ (एकाच टाक्यात दोन टाके) दर वेळी एकावर एक आली की तिथे कोपरे तयार होतात. एका फेऱ्यात वाढ थोडी पुढे सरकवली की डोकं गोल होतं. टाके कमी करताना दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या कडा सुईवर घेऊन एक मुका खांब घालायचा. तिथे भोक पडत नाही आणि आतला कापूस बाहेर डोकावत नाही.

नमुने वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जिच्यामुळे माझी पिशवी ठरल्यापेक्षा लांबट झाली. अमेरिकी नमुन्यातला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकी डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. नमुन्यात कुठेही 'सिंगल' आलं तर तो अमेरिकी समजायचा, कारण ब्रिटिश पद्धतीत टाक्याला ते नाव नाही.

अंगावर घालायचं काही विणायचं असेल तर नमुन्याचा तुकडा विणून बघण्याचा कंटाळा करू नका. निदान १५ सेमीचा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मधल्या १० सेमीत टाके मोजा. कडेचे टाके धरू नका, ते ओढलेले असतात. १० सेमीत १६ टाके हवे असताना तुमचे १८ आले, तर १६० टाक्यांचा १०० सेमीचा घेर ८९ सेमीच भरेल. दोन टाक्यांत अकरा सेंटिमीटर गेले. टाके जास्त आले तर मोठी सुई, कमी आले तर लहान. रुंदी जमली आणि उंची जमेना, तर टाक्यातून लोकर ओढून आणल्यावर पहिला फास किती वर उचलता ते बघा. मी तो फार बुटका ठेवायचे.

लोकरीच्या वेष्टनावर रंगाच्या लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या आणि एक जास्तीचा घ्या. माझ्या ब्लँकेटच्या शेवटच्या अकरा ओळी दुसऱ्या लॉटच्या आहेत. रात्रीच्या दिव्यात कळत नाही, सकाळच्या उजेडात लगेच दिसतं.

टोकं लपवण्याचं काम मी आता शेवटावर ठेवत नाही. किमान १५ सेमी टोक ठेवते, बोथट सुईने टाक्यांच्या आतून एकदा उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे नेते. विणतानाच टोक टाक्यांत दाबून पुढे जाता येतं, पण गुळगुळीत ॲक्रिलिकमध्ये ते दोन धुण्यांत बाहेर आलं. ॲक्रिलिकचीच आणखी एक खबरदारी: सारखं करायला वाफ द्यायची तर इस्त्री वर, अंतरावर धरा. तापलेली इस्त्री टेकली की वीण कायमची चपटी, मरगळलेली होते. सुती काम ओलं करून, टाचण्या लावून, आकारात सुकवलं की पुरतं.

सध्या शाल चालू आहे, गडद निळी. त्या रंगात टाके दिसत नाहीत, म्हणून मांडीवर पांढरं कापड अंथरते आणि दिवा बाजूने, थोडा खालून येईल असा ठेवते. टाक्यांमधून पांढरं दिसलं की सुई कुठे घालायची ते समजतं. आणि ४ मिमीची फिरती मूठ आता फारच त्रास देते आहे. तिच्या जागी पूर्ण संच परत घेणार नाही, एकच सुई घेईन, निमुळत्या तोंडाची आणि जाड लाकडी मुठीची.